परसातल्या कोंबड्या: वडगाव बुद्रुक, पुणे, फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

पिल्लं आली. भोरकडून दहा, एक दिवसाची, सुधारित गावरान. डिसेंबरातच नोंदवली होती. नर-मादी निवडून मिळत नाहीत, असतील तशी घ्यायची. विकणारा म्हणाला, "ताई, आमच्याकडं माद्याच जास्त निघत्यात." हे वाक्य तारखेसकट लिहून ठेवते.

शिवाय नवऱ्यानं येताना लेकीसाठी रस्त्यावरची दोन रंगवलेली पिल्लं आणली. एक गुलाबी, एक हिरवं. अंड्यांच्या जातीच्या हॅचरीत पहिल्याच दिवशी नर वेगळे काढतात. अंडी ते देणार नाहीत आणि अंगावर मांसही धरणार नाहीत, म्हणून ते कोणालाच नको असतात. त्यांतलेच काही रंगात बुडवून रस्त्यावर विकायला येतात. म्हणजे ही दोन बहुतेक कोंबडेच. लेकीला हे सांगायचं राहून गेलं. खरं तर मुद्दामच राहू दिलं.

वेळ काही चांगली नाही. महिनाभर सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुलेन बॅरी या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आहे. नांदेड, किरकटवाडी, धायरी, सगळं आमच्या आसपासच. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडलाय. तो कोंबड्यांच्या आतड्यात त्यांना न बाधता राहू शकतो आणि माणसाकडे कच्च्या-अर्धकच्च्या मांसातून किंवा दूषित पाण्यातून येतो. समोरच्या वहिनींनी विचारलंच, "आत्ताच आणायच्या होत्या का?" उत्तर नव्हतं. मागच्या नळावर साबण बांधून टाकला. पिल्लांना हात लावला की आधी नळ, मग घर. पिण्याचं पाणी तसंही उकळूनच चाललंय.

राहायची सोय सध्या टीव्हीच्या खोक्यात. पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करायची. त्यासाठी तारेचा पिवळा बल्ब हवा. एलईडीला उजेड आहे, ऊब नाही. वडगावातली चार दुकानं हिंडले. चौथ्यानं माळ्यावरून साठ वॉटचे दोन काढून दिले आणि विचारलं, "सत्यनारायण आहे का?"

२० फेब्रुवारी, गुरुवार

गुलाबी काल गेलं. आज भोरचं एक.

गुरुवारची दुरुस्तीची वीज गेली ती पाच तास आली नाही. मी कामावर. आई (सासूबाई) पोथी वाचत होत्या, त्यांना चिवचिव ऐकू आली तोवर सगळी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली होती. सगळ्यांत खालचं गुदमरलं. आईंनी बाकीची पदरात घेऊन उन्हात बसून काढली. गळ्यात तुळशीची माळ, अंड्याच्या भांड्याला हात लावायचा नाही, पण लहानपण वेल्ह्याकडचं. दाराशी कोंबड्या होत्याच. "बल्ब कशाला, डालगं घाल नि वर घोंगडं टाक," म्हणाल्या. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, हे मला संध्याकाळी सुचलं.

शिल्लक दहा: भोरची नऊ आणि हिरवं.

२३ फेब्रुवारी, रविवार

लासोटा. मानमोडी या कोंबड्यांच्या रोगाची पहिली लस, डोळ्यात एकेक थेंब. दुकानात मिळाली ती सर्वांत लहान कुपीही शंभर पिल्लांची. थर्मासात बर्फ घालून आणली. कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. दहा थेंब वापरले, नव्वद पिल्लांची लस उकळून ओतून दिली. औंधच्या सरकारी संस्थेत या लसी राज्यासाठी बनतात, म्हणजे माझ्या घरापासून पंधराएक किलोमीटरवर. तरी दहा पिल्लांची कुपी कुठे मिळत नाही. परसात पाळणाऱ्याचा हिशेब कुणी धरलेलाच नाही, हे वर्षभर असंच चालणार असं दिसतंय.

दोन पिल्लांच्या मागच्या बाजूला विष्ठा वाळून घट्ट बसली होती. तशीच राहिली तर वाट बंद होऊन पिल्लू मरतं. कोमट पाण्याचा कापूस धरून भिजवायची, ओढायची नाही. ओढली की कातडी येते. एकेकाला दहा मिनिटं. तळहातावर ते आधी धडपडतं, मग ऊब लागली की डोळे मिटून चक्क झोपतं. आज स्वयंपाक उशिरा.

१६ मार्च, रविवार

खुराडं उभं राहिलं. सहा बाय चार, जमिनीपासून दीड फूट वर, पुढे दहा फुटांचं जाळीचं अंगण. दार जुन्या बाजारातलं, लाकडाच्या फळ्या टिंबर मार्केटच्या उरलेल्यातल्या, जाळी बोहरी आळीतून. षटकोनी 'कोंबडी जाळी' घेणार होते. दुकानदारानंच अडवलं, ती कोंबडी आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंची वेल्डमेश घेतली, अडीचपट भाव. घुशी खालून पोखरतात म्हणून चारी बाजूंनी शहाबादीचे तुकडे पुरले. हे काम नवऱ्यानं आणि मी दोन रविवार केलं. त्या दोन रविवारांत आम्ही एकमेकांशी जे बोललो ते इथे लिहीत नाही.

सगळ्यांच्या पायात रंगीत प्लॅस्टिकचे पट्टे घातले, नोंदी ठेवता याव्यात म्हणून. हिरव्याचा रंग उडून ते पांढरंफेक निघालं. त्याला पट्ट्याची गरज नाही.

१३ एप्रिल, रविवार

आठ आठवडे. तुरे कळायला लागले.

रोज वाटायचं, हा तुरा जरा जास्त लाल आहे का? आज कोवळ्या उन्हात एकेकाला धरून पाहिलं. मादीचा तुरा अजून फिका, पिवळट. नराचा लाल आणि जाड, गळ्याखालच्या लोळ्याही लोंबायला लागलेल्या, पाय दणकट. मानेवरची नवी पिसं नराची टोकदार आणि चकचकीत, मादीची टोकाला गोल. आईंनी लांबूनच, चष्मा न लावता, बोट दाखवत सांगितलं: "ह्यो कोंबडा, ही तलंग, ह्यो, ह्यो, ही..." माझ्या अर्ध्या तासाच्या तपासणीचा आणि त्यांच्या अर्ध्या मिनिटाचा निकाल एकच आला.

तलंगा पाच: हिरवी, निळी, लाल, जांभळी, नारिंगी. कोंबडे चार, शिवाय पांढरा. पाच आणि पाच. भोरवाल्याला फोन केला नाही. निम्मे नर हा निसर्गाचा हिशेब आहे, आणि 'माद्याच जास्त' ही विक्री आहे, एवढं मला कळायला हवं होतं.

पारा चाळिशीला. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी टाकून धापते. दुपारी जाळीवर ओली पोती.

२६ मे, सोमवार

पाऊस आला, जवळजवळ दोन आठवडे आधी. खुराड्यात पसरलेलं भाताचं तूस भिजलं आणि वास सुटला. डोळे चुरचुरले म्हणजे अमोनिया झाला, असं समजायचं. ओलं उपसून काढलं, चुन्याची फक्की भुरभुरली, वर कोरडा भुस्सा. छपराला पुढे दोन फूट पत्रा वाढवला. काढलेलं खत सरळ झाडांना घालता येत नाही, जळतात. कोपऱ्यात पाल्यात मिसळून कुजत टाकलंय.

पिवळ्या पट्ट्याच्या कोंबड्याचा पाय सुजला. पट्टा वाढत्या पायात रुतला होता, कातडीच्या आत गेला होता. नखं कापायच्या कात्रीनं तोडला, हळद भरली. पंधरा दिवसांनी पट्टे सैल करायचे असं मीच मार्चमध्ये लिहून ठेवलंय, त्याच वहीत, चार पानं मागे.

८ जून, रविवार

पांढरा आरवला. म्हणजे प्रयत्न केला. आधी मान ताणली, पंख फडफडवले, मग घशातून गंजलेल्या रहाटासारखा आवाज. स्वतःच दचकला. लेक हसून लोळली. आई म्हणाल्या, "आज हसा."

२९ जून, रविवार

पाचही आरवतात. पांढरा पहिला, चार वाजून पाच ते दहा मिनिटांनी, मग बाकीचे रांगेत.

शेजारचे काका काल रात्री (की पहाटे?) फाटकाशी येऊन गेले. भांडले नाहीत, हेच जास्त लागलं. "मी म्हणत नाही बंद करा, पण मला साडेतीनला कुठे डोळा लागतो, ताई." फोनवरच्या ॲपनं मोजलं: खुराड्यापाशी ९० च्या वर, काकांच्या खिडकीशी ६६. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. रात्र म्हणजे दहा ते सहा. वाद घालायला जागाच नाही.

'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही' ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवली. आता झाकून बघते.

३ जुलै, गुरुवार

झाकण्याचा प्रयोग, चार रात्री. फळ्यांची पेटी, उंची एवढीच की कोंबड्याला मान पूर्ण ताणता येऊ नये. आरवायला त्याला ती ताणावी लागते. हवेला भोकं, वर जुनी गोधडी.

पहिली रात्र: चार वाजून बारा मिनिटांनी पेटीतून आवाज. दबका, पण आवाजच. उजेडाचा कवडसा आत नव्हता. नंतर वाचनात आलं, जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवलंय की कोंबड्याच्या अंगातच घड्याळ असतं. मंद उजेड दिवसरात्र एकसारखा ठेवला तरी तो पहाटेची वेळ धरून आरवतो. त्यांच्याच पुढच्या अभ्यासात निघालं की गटातला वरचढ आधी आरवतो, बाकीचे मानाप्रमाणे मागून. म्हणजे आमच्याकडे वरचढ कोण, तर रस्त्यावरून आणलेला तो हिरवा.

पेटीनं काकांच्या खिडकीशी ५२ पर्यंत उतरलं. पण पाच कोंबड्यांना पाच पेट्या, रोज रात्री नऊला भरायच्या आणि सकाळी सहाला उघडायच्या. गळ्याला बांधायचा पट्टाही मिळतो म्हणे. सैल असेल तर उपयोग नाही, घट्ट असेल तर जीव जातो. नको.

१२ जुलै, शनिवार

गेल्या आठ दिवसांत देऊन टाकण्याचे प्रयत्न. गल्लीच्या ग्रुपवर फोटो टाकले. एकवीस जणांनी बदाम पाठवला. फोन आले सहा. तिघांना तलंगा हव्या होत्या. एकाला अंगावर एकही पांढरं पीस नसलेला काळा कोंबडा हवा होता, नवसाचा. आमच्यात तसा नाही. एकानं विचारलं, "झुंजीला चालेल का?" झुंजी लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे असं सांगितलं, त्यानं फोन ठेवला. सहावे मुळशीकडचे फार्महाऊसवाले, एक कोंबडा घेतील पण सोबत दोन माद्या द्यायच्या. हुंडाच झाला की.

आणि आज दुपारी एकच्या सुमारास मुंगूस. जाळीच्या दाराखाली तीन बोटं फट पडली होती, पावसानं माती खचून. पाच कोंबडे केवढे ओरडले, पण मी पोचेतो नारिंगीचा गळा गेला होता. पाचही कोंबडे शाबूत, गेली ती तलंग. दाराखाली उंबरा ठोकला.

उरल्या चार तलंगा, पाच कोंबडे. कोंबडे आता तलंगांच्या पाठीची पिसं उपटतात. दहा माद्यांमागे एक कोंबडा पुरतो. आमचं प्रमाण ऐकून पशुवैद्य नुसतेच हसले.

१९ जुलै, शनिवार, रात्र

ठरलं. गटारी यंदा गुरुवारी, चोवीसला. गुरुवार न खाणारे निम्मे, म्हणून सगळ्यांची गटारी उद्या रविवारी. दोन कोंबडे मागच्या गल्लीतले दोघे घेऊन गेले, दोघांचे मिळून चौदाशे. दोन आम्ही दुकानात नेऊन कापून आणणार. पांढऱ्याला कुणी हात लावेना. उचलून पाहिलं, हाडंच.

गेले आठ दिवस घरात हेच. लेक म्हणते, सगळे ठेवूया. नवरा म्हणतो, बघू. मी म्हणते, नंतर ठरवू. मग आज जेवताना आई म्हणाल्या, "आमच्यात कापत हुते तवा कुणी म्हणत नव्हतं बघू. तुम्ही चिकन आणता तवा बघता का?" आणि पुढे भाताला ताक वाढायला सांगितलं. माळ घालण्याआधी त्यांनी स्वतः कापलेत, हे मला लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर आज कळलं.

पकडायचे रात्रीच. अंधारात कोंबडीला दिसत नाही, दांडीवर बसलेली हलत नाही. टॉर्चला लाल फडकं बांधून आईच पुढे झाल्या. दोन्ही हात पंखांवरून घालून उचलायचं, पंख अंगाशी धरायचे, डोकं काखेखाली दडवायचं. गप्प बसतो. "हा दोन किलोला पन्नास-शंभर कमी भरंल," म्हणाल्या. हा म्हणजे पिवळ्या पट्ट्याचा. टॉर्चमध्ये पायावरचा तो व्रण दिसला, पांढुरका, गोल, अंगठीसारखा.

२० जुलै, रविवार

काट्यावर १ किलो ९२०. साफ करून १ किलो २००. दुकानदार सोलूनच देतात. आई म्हणाल्या, गावाकडे पिसं काढून, हळद लावून जाळावर भाजत, कातडीतच चव. मी दुकानाच्या आत गेले, बाहेर थांबले नाही. एवढंच लिहिते.

मागच्या पडवीत स्टोव्हवर शिजवलं, आतल्या गॅसवर नाही. दुकानच्या कोंबडीला तीन शिट्ट्या लागतात, याला आठ. नवरा दोन वाट्या रस्सा प्यायला. मी एक तुकडा खाल्ला. लेकीनं वरणभात खाल्ला आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही, रात्री माझ्याच कुशीत झोपली.

२७ जुलै, रविवार

पहिलं अंडं! हिरवीचं. ३८ ग्रॅम, कवचावर रक्ताचा पुसट ओरखडा. पहिल्या अंड्यांना असतो, काळजीचं नाही.

श्रावण परवाच लागला.

१० ऑगस्ट, रविवार

चौघी मिळून रोज तीन अंडी. गल्लीत कोणी घेत नाही. सोमवार, शनिवार, मंगळागौर, सत्यनारायण. ज्यांच्याकडे एरवी रोज आम्लेट होतं त्यांच्याकडेही 'श्रावणात नको'. केकवाल्या ताई आठवड्याला तीस घेणार होत्या, महिनाभर सगळ्या ऑर्डरी बिनअंड्याच्या. भुर्जीच्या गाडीवाल्यानं अंडं हातात घेऊन वजन केलं आणि ट्रेच्या भावानं मागितलं. राष्ट्रीय अंडी समन्वय समितीच्या रोजच्या भावपत्रकात पुण्याचा वेगळा आकडा असतो, शंभर अंड्यांचा. त्या भावात माझं खाद्यही निघत नाही.

काकांना डॉक्टरांनी रोज एक अंडं सांगितलंय, आणि काका श्रावण पाळत नाहीत. आनंदानं सहा घेऊन गेले. दारातून परत आले. "तो पांढरा आहे ना अजून? मग ही सजीव अंडी. मला बिनकोंबड्याची लागतात." फोडून दाखवलं. बलकावर पांढरा ठिपका असतो. कोंबड्याशिवायच्या अंड्यात तो नुसता डाग, फळलेल्यात त्याभोवती बारीक गोल कडं. उबवल्याशिवाय त्यात पिल्लू वाढत नाही. काकांनी कडं पाहिलं, आणि दाखवून मीच माझं गिऱ्हाईक घालवलं.

साठवण: अंडी धुवायची नाहीत. कवचावर पातळ नैसर्गिक लेप असतो, तो धुतला की अंडं फ्रिजमध्येच ठेवावं लागतं, आणि फ्रिज आईंचा. पडवीत मडक्यात, टोक खाली करून, तारीख पेन्सिलीनं. पाण्यात आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर आधी वापरायचं, तरंगलं तर खतात.

काल एक नुसत्या पापुद्र्याचं आलं, हातात पाण्याच्या फुग्यासारखं. कॅल्शियम कमी. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला. उकडलेल्या अंड्यांची कवचं कुटून घालते, पण बारीक; ओळखू येईल अशी घातली तर त्या आपलीच अंडी फोडून खायला शिकतात.

२४ ऑगस्ट, रविवार

श्रावण काल संपला, गणपती बुधवारी. मधल्या तीन दिवसांत पांढरा गेला. पानशेत रस्त्याच्या एका गोठ्यावर. त्यांचा कोंबडा कुत्र्यानं नेला होता, आणि माद्या मागितल्या नाहीत. पैसे घेतले नाहीत, दिलेही नाहीत. त्यांची म्हैस नुकतीच व्यालेली, त्यांनी किटलीभर चीक दिला. खरवस केला, गूळ-वेलची घालून. आईंनी दोनदा मागून घेतला. लेकीनं तिथे जाऊन पाहिलं, मोकळं रान आहे, शेणाच्या ढिगावर तो लगेच चढला.

कोंबडा गेला तरी दोनतीन आठवडे अंडी फळलेली येऊ शकतात. मादी त्याचं बीज अंगात साठवते. काकांना तारीख दिली: १४ सप्टेंबर. अंडं उबायला एकवीस दिवस आणि शाकाहारी व्हायलाही एकवीस.

१४ सप्टेंबर, रविवार

कडं गेलं. काकांना निरोप दिला. म्हणाले, "आत्ता पक्ष चालू आहे हो. आमच्या वडिलांची तिथी व्हायचीय." नंतर नवरात्र. दसऱ्यानंतर बघू म्हणाले.

मडक्यात ४१.

५ ऑक्टोबर, रविवार

श्रावण लागल्यापासून दसऱ्यापर्यंत सत्तर दिवस. अंडी १६८. विकली ५२ (पैकी तीस गाडीवाल्याला, ट्रेच्या भावानं), घरात आणि लेकीच्या डब्यात ६०, पलीकडच्या बांधकामावरच्या पोरांना ३५, भटक्या कुत्र्यांना उकडून १२, फुटली-तरंगली ९. बांधकामावरची आई दोन वेळा मेथीची जुडी देऊन गेली. गल्लीतला हाच एक सरळ व्यवहार.

काकांना आज सहा दिली. उघडून, कडं नसल्याचं पाहून घेतली.

१६ नोव्हेंबर, रविवार

निळी खुडूक बसली. खालची अंडी काढून घेतली तरी उठत नाही. हात घातला की अंग फुलवून गुरगुरते, चोच मारते. पोटाची पिसं उपटून घरट्यात घातलीयत. खाली अंडं असलं तरी त्यात काही होणार नाही हे तिला कोण सांगणार. आईंचा उपाय, नाकात पीस घालायचं. मी तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात ठेवली, खालून हवा लागून पोट थंड झालं की तीनचार दिवसांत नाद सुटतो. पाच लागले. सुटून दोन दिवसांनी परत बसली.

वेल्ह्याहून फळलेली अंडी आणून तिच्याखाली ठेवायची का, असा विषय नवऱ्यानं काढला. मी काही बोलले नाही, फक्त वहीतलं १३ एप्रिलचं पान उघडून पुढे केलं.

२१ डिसेंबर, रविवार

सर्वांत लहान दिवस, उजेड जेमतेम अकरा तास. भरपूर घालायला कोंबडीला चौदा-पंधरा तास उजेड लागतो. खुराड्यात पहाटे दिवा लावून अंडी वाढवता येतात. काकांच्या खिडकीसमोर पहाटे चारला दिवा लावायची माझी हिंमत नाही. लाल आणि जांभळी महिनाभर बंद. निळी तिसऱ्यांदा खुडूक, एका गोल दगडावर बसून आहे. घालते ती एकटी हिरवी, तीही दिवसाआड.

मार्गशीर्ष परवा संपला आणि थंडी पडलीय. सकाळपासून दारात चौघं. समोरच्या वहिनी (ज्यांनी फेब्रुवारीत विचारलं होतं), केकवाल्या ताई (नाताळ, साठ पाहिजेत), भुर्जीवाला स्वतः चालत आला, म्हणाला, भाव तुम्ही सांगा. वहीच्या मागच्या पानावर नंबर लावून दिलेत.

काका शेवटी आले. यादीत चौथे हे ऐकून जरा वेळ फाटकाला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "ताई, त्या गोठ्यावरची मिळतील का? पांढऱ्याकडची? चालतील मला."

आज अंडी १. हिरवीचं, ५४ ग्रॅम. वहिनींचा नंबर.